लहान शब्दांची शिकवणी

निवृत्तीनंतर शिकवण्या घ्यायच्या नाहीत, असं मी पक्कं ठरवलं होतं. बत्तीस वर्षं इंग्रजीच्या वह्या तांबड्या करून स्वभाव आधीच तिखट झाला होता. उरलेलं आयुष्य चौलच्या वाडीत सुपाऱ्यांवर ओरडण्यात घालवावं, निदान त्या उलट उत्तर देत नाहीत. पण एका दुपारी फाटकाशी एक गृहस्थ येऊन उभे राहिले. रेवसहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर त्यांनी जन्मभर खलाशाचं काम केलेलं. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती, इंग्रजीत हुशार. ती नर्स झाली आणि आयर्लंडला गेली.

"बाई, तुमच्या इंग्रजीनं लेक नेली," ते म्हणाले. "आता नातीपुरतं मला शिकवा."

भांडायला आले असते तर मी तयार होते. हे असं कुणी म्हटलं की काय करायचं, ते मला येत नव्हतं. मी त्यांना ओटीवर बसवलं आणि कोकमाचं सरबत दिलं.

नात सहा वर्षांची. जावई केरळचा, त्यामुळे घरात सगळा कारभार इंग्रजीत. दर रविवारी आपल्याकडे दुपार आणि तिकडे सकाळ असताना व्हिडिओ कॉल यायचा. आजोबा विचारत, "स्कूल गुड? फूड गुड?" नात "येस, येस" म्हणून पळून जायची. लेक कित्येक वर्षं बोलावत होती, पण हे गेले नव्हते. कधी गुडघ्याचं कारण, कधी थंडीचं. खरं कारण त्यांनी मला दुसऱ्या ग्लासाबरोबर सांगितलं. "तिथं जाऊन मुक्यावानी बसू काय? नातीसमोर?"

गंमत म्हणजे या माणसाकडे इंग्रजी शब्दांची काही कमी नव्हती. इंजिन, डिझेल, तिकीट, पॅसेंजर, फुल्ल, लेट, कॅन्सल. मोठे शब्द आपण सगळ्यांनीच केव्हाचे घरात घेतलेत. पण ऑफ, टू, इन, विथ, फॉर ही चिल्लीपिल्ली अंगणातच राहिली, कारण त्यांची कामं करायला आपल्याकडे चा-ची-चे आणि ला-त आहेतच. "लाँचचं इंजिन" म्हटलं की भागतं. ऑफची गरजच काय?

"ऑफ म्हंजे काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. बत्तीस वर्षं शिकवूनही एकट्या ऑफचा अर्थ मला सांगता येईना. रागच आला, आधी त्यांचा आणि मग माझा.

रात्रभर विचार केला तेव्हा कुठे लक्षात आलं की हे शब्द एकटेदुकटे फिरतच नाहीत. ऑफ द, इन द, टू द, फॉर यू, आउट ऑफ, अप टू. दुसऱ्या दिवशी मी शंभर पानी वही काढली आणि अशा जोड्या लिहून दिल्या. त्यांनी एकेका जोडीवरून बोट फिरवलं.

"आसं व्हय," ते म्हणाले. "म्हंजे एकानं दोर फेकायचा, दुसऱ्यानं झेलायचा."

माझ्या शिकवण्याच्या सगळ्या प्रशिक्षणांत मला हे कुणी इतकं नीट सांगितलं नव्हतं. मी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं.

मग ते वाडीत फेऱ्या मारत पाठ करू लागले. इन द मॉर्निंग, ऑन द लाँच, अप टू द नी. महिन्याभराने एका रविवारी मला मुद्दाम रेवसला आपल्या घरी बोलावलं. कॉल लागला. आजोबांनी घसा साफ केला आणि सांगायला लागले: एकदा पावसात, लाँचवर, पाणी, अप टू द नी, आणि इंजिन बंद. नात पळाली नाही. तिने तोंड फोनजवळ आणलं आणि विचारलं, "अँड देन?"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड फिरवून त्यांच्या कोंबड्या बघू लागले. मला रडू आलं होतं, आणि विद्यार्थ्यासमोर रडायची मला सवय नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांनी विचारलं, कॉल संपवताना काय म्हणायचं? मी म्हटलं, बाय म्हणा. त्यांना ते पटेना. बाय पॅसेंजरला म्हणतात. घरच्या माणसाचा निरोप घेताना आपल्यात कुणी "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. "जातो" म्हणणाऱ्या पोराला आमच्याकडे आई उंबऱ्यावरून परत बोलावते आणि नीट म्हणायला लावते. तर त्यांनी वहीतल्या जोड्या धुंडाळून स्वतःच वाक्य केलं: आय ॲम कमिंग टू यू. काय देखणं वाक्य! एक चूक नाही. मी खाली "उत्तम" लिहिलं.

दर रविवारी शेवटी ते हेच म्हणू लागले. पाचव्या रविवारी नात फोनवर आलीच नाही.

लेकीने मला वेगळा फोन केला. पोरीने आजोबांसाठी आपल्या खोलीत गादी घालून घेतली होती. वर्गात बाईंना सांगून ठेवलं होतं. दर सोमवारी शाळेतून आली की आधी गादी बघायची. "आता म्हणते, आजोबा नुसतं म्हणतात," लेक म्हणाली. "बाई, मी आधी हसले हो. पण ती हसत नाही."

मी तडक रेवसला गेले. चूक माझी होती. मी शब्द तपासले आणि रीत विसरले; ते वाक्य ऐकणाऱ्या पोरीला आपली रीत कुठून कळणार, याचा विचारच केला नाही. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, मी तिच्याशी बोलते. आपल्याकडे असं म्हणायची पद्धत आहे, एवढंच सांगते. पाच वाक्यांत समजेल तिला."

ते ओट्यावर जाळं घेऊन बसले होते, पण हात चालत नव्हते.

"न्हाय बाई," ते म्हणाले. "आजा तसं म्हनलाच न्हवता, असं पोरीला सांगायचं न्हाय. म्हनलोय. आता जायाला पायजे."

"आणि मुक्यासारखं बसावं लागलं तर?"

"बशीन. पन तिच्या खोलीत बशीन."

पासपोर्ट, व्हिसा, स्वेटर, गुडघ्याचा पट्टा, या सगळ्याला चार महिने गेले. त्या चार महिन्यांत नात फोनवर आली, पण लांबूनच, दाराशी उभी राहून. तारीख सांगितली तरी "ओके" एवढंच. फोन ठेवला की आजोबा वहीतलं एक पान जास्त पाठ करत.

ते निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. विमानतळावर सामान घेऊन ते बाहेर आले, तर गर्दी बघून भांबावले आणि दारातच थांबले. गणवेशातली एक बाई जवळ येऊन काहीतरी विचारू लागली. शंभर पानी वही पाठ असलेल्या माणसाला एक शब्द आठवेना. ती परत विचारते आहे, हे नुसते मान हलवतायत. लेक कठड्यापलीकडून हाका मारत होती, पण ऐकू जात नव्हतं.

"आणि पोरीचा हात माझ्या हातून सुटला हो बाई," लेक म्हणाली. "कठड्याच्या खालून शिरली ती. जाऊन त्यांचा हात धरला आणि त्या बाईला ठणकावून सांगितलं, ‘ही इज विथ मी.’"

मी म्हटलं, "परत सांग."

तिने परत सांगितलं.