मामाजी, म्हैस आणि थंडीतला ट्रॅक्टर

आमच्या घरी सून सासऱ्याशी बोलत नसे. भांडण नव्हतं हो, रीतच तशी होती. डोक्यावर पदर घ्यायचा, मामाजी, म्हणजे सासरे, समोरून आले की दाराआड व्हायचं, आणि काही सांगायचंच असेल तर ते सासूबाईंच्या तोंडून. सासूबाई जवळ नसल्या तर? तर मग म्हैस होती.

हसू नका. मी कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, म्हशीला पाणी दाखवता दाखवता म्हणायची, "काय वो, घरातलं तेल सरलं, बजारातून कोण आणीन?" अन् मामाजी ओसरीवरून तिलाच उत्तर द्यायचे, "आणतो म्हणा." लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, आमच्याकडे लेकीच्या जागी म्हैस होती एवढंच. मामाजी गावात तापट म्हणून नावाजलेले. बैलावर ओरडतील, पावसावर ओरडतील. पण म्हशीला दिलेलं उत्तर नेहमी शांत असायचं, हे माझ्या पहिल्याच महिन्यात ध्यानात आलं होतं.

गाव लालबर्ऱ्याच्या बाजूला, राज्याच्या सीमेपलीकडच्या हिंदी मुलखात, सडकेपासून बरंच आत. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. लग्नाला वर्ष होत आलेलं, नवरा नोकरीपायी नागपूरला, आणि मला बालाघाटहून शाळेच्या नोकरीच्या मुलाखतीचं बोलावणं आलं. शिक्षाकर्मी म्हणायचे तेव्हा. मला ती नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, जीव अडकला होता तिच्यात. कॉलेजात वादविवादात बोलणारी मी, वर्षभर पदराआड कुजबुजून कुजबुजून माझ्याच आवाजाला पारखी झाले होते. ही मुलाखत हुकली तर पुन्हा बोलावणं येईल की नाही, कोणास ठाऊक.

आणि नेमकी लग्नसराई! आमच्या फाट्यावरून सकाळी जाणारी एकुलती एक बस कुणाच्यातरी वरातीला गेली. आदल्या दिवशी दुपारी हे कळलं आणि माझं तोंड पार उतरलं. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी जाशील वो पोरी?" ओसरीवरून मामाजी खाकरले. म्हशीकडे बघत म्हणाले, "ट्रॅक्टर हाय ना घरी. मी नेतो म्हणा."

ट्रॅक्टर होता खरा, पण कसला! रंग कुठला होता ते मामाजींनाही आठवत नसेल. बॉनेट तारेनं बांधलेलं. उन्हाळ्यात गरीब गाईसारखा चालायचा आणि थंडी पडली की जावयासारखा रुसून बसायचा. त्या दिवशी तिन्हीसांजेपर्यंत मामाजी पाना घेऊन त्याच्यापाशी बसलेले दिसले. काय करत होते ते मी विचारलं नाही.

सकाळी धुकं असं, की कोठ्यातली म्हैस ओसरीवरून दिसेना. मामाजींनी सेल्फ मारला. घुर्र, घुर्र, घुर्र. बस्स. पुन्हा मारला, पुन्हा तेच. शेजारचे दोघं धावत आले. एकानं हवेच्या नळीसमोर पेटती चिंधी धरली. दुसरा म्हणाला, "रेडिएटरमंदी गरम पानी टाका ना काका." गरम पाणी कुठलं? माझ्या आंघोळीचं! चुलीवरचा पाण्याचा गंज माझ्या डोळ्यांदेखत उचलून नेला. मी त्या थंडीत गार पाण्यानं आंघोळ केली. दात वाजत होते आणि मनात शिव्या चालू होत्या, खोटं कशाला बोलू.

पाण्यानंही काही झालं नाही. बॅटरीचा आवाज बसत चालला. शेजारीण कुंपणाशी येऊन सासूबाईंना म्हणते, "नसन जमत त राहू द्या न बाप्पा. घरातून निघतानाच अडलं, हे काही बरं नाही." एवढ्यावरून घरी बसवतात की काय!

तेव्हा माझं लक्ष सायलेन्सरकडे गेलं. माहेरी आमच्याकडे विहिरीवर डिझेल इंजिन होतं आणि लहानपणापासून माझी हिवाळी सकाळ त्याच्याच मागे जायची. थंडीनं अडलेलं इंजिन निदान पांढरा धूर तरी सोडतं. इथे तर धुराचा पत्ताच नव्हता. पण सांगू कसं? दोन परके पुरुष, समोर सासरा. मी सरळ कोठ्यात गेले, म्हशीच्या पाठीवर हात ठेवला आणि ठणठणीत आवाजात म्हटलं, "काय वो, धूरच नाही निघून राह्यला, त थंडीचा काय दोष? डिझेलच नसन पोचत!"

शेजारचा एक जण फिदीफिदी हसला. मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की हसू तिथंच विरलं. मग ते खाली उतरले, सायलेन्सरच्या तोंडावर हात धरला, आणि कपाळावर मारून घेतला. "हवा घेतली असन बिचाऱ्यानं! काल सांजेला मीच त फिल्टर बदलवला!"

काल सांजेला. माझ्याचसाठी. वाटेत दगा देऊ नये म्हणून नवा फिल्टर टाकला आणि डिझेलच्या नळीतली हवा पुरती निघाली नाही. त्यांनी फिल्टरवरचा स्क्रू ढिला केला, पंपाची मूठ खालीवर हाणायला लागले. फेस आला, बुडबुडे आले, मग साफ धार लागली. स्क्रू परत आवळला. बॅटरीत एका वेळेपुरताच जीव उरला होता. मामाजी चावीला हात लावून म्हशीला म्हणाले, "देवाचं नाव घे म्हणा." घुर्र, घुर्र, आणि धडाडधूम! काळा धूर, मग डुगडुग डुगडुग. माझा जीव भांड्यात पडला.

ट्रॉलीत भाताच्या तणसावर मी आणि सासूबाई, पुढे कानाला मफलर गुंडाळलेले मामाजी. बालाघाटला ऑफिसपाशी ट्रॅक्टर थांबला. मी उतरले तर मामाजी स्टीअरिंगकडे बघत म्हणाले, "भ्यायचं नाही म्हणा. म्हशीसंग बोलते तसंच बोलायचं."

आत साहेबांनी विचारलं, "जो बच्चा क्लास में बोलता ही नहीं, उसका क्या करेंगी?" मी सवयीनं पदर पुढे ओढला. तेवढ्यात खिडकीतून आवाज आला, डुगडुग डुगडुग. आमचाच! शेताच्या बांधावर दोन मिनिटं इंजिन चालू राहिलं तरी "डिझेल काय नदीतून येते?" म्हणून ओरडणारा माणूस तो. मी म्हटलं, "सर, जो मुझसे नहीं बोलता, उसे मैं गुड़िया से बुलवाऊँगी, बकरी से बुलवाऊँगी. एक दिन मुझसे भी बोलेगा." साहेब हसले. पुढचं सगळं मी सरळ बोलत गेले. बाहेर आले तेव्हाही तो डुगडुगतच होता.

नोकरी लागली. बातमी आली त्या संध्याकाळी मी म्हशीला पेंड घालत विचारलं, "काय वो, त्या दिवशी इंजिन बंद काहून नाही केलं? गरम झाल्यावर त एका सेल्फमंदी चालू होते."

मामाजींनी मफलर सोडून पुन्हा गुंडाळला. मग म्हणाले, "आत आवाज गेला पाहिजे म्हटलं. आपलं माणूस बाहेर हाय, हे तिले समजलं पाहिजे."

मी पेंडीचं घमेलं खाली ठेवलं, म्हशीकडे पाठ केली आणि ओसरीकडे तोंड करून म्हणाले, "मामाजी, आला होता आवाज."