कोरी पट्टी

मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या पाठीवर. वडील गावोगाव बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटायचे, उरलेली मला मिळायची. प्रत्येकाची शेवटची ओळ एकच: पुरावा मागा. म्हणूनच पाटोद्याच्या बाजारात मी जे केलं, त्याची लाज अजून जात नाही.

बीडच्या कॉलेजात आम्ही पालकाच्या पानांतून प्रकाश पकडणारी प्रथिनं वेगळी काढायचो. वीज वाहणाऱ्या काचेच्या पट्टीवर त्यांचा हिरवा थर द्यायचा, पट्टी रंगीत द्रावणात बुडवायची, दिवा लावायचा. दिवा लागला की लॅपटॉपवरची रेघ वर चढायची, विझवला की खाली यायची. पान उन्हात जे करतं, ते विजेत मोजता यायचं. पहिल्यांदा रेघ चढली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

थर न दिलेल्या पट्टीला आम्ही नुसतं 'कोरी' म्हणायचो. पाटोद्याच्या बाजारात हे लोकांना दाखवायचं ठरलं; आदल्या दिवशी मी कोरीही बुडवून पाहिली. दिवा लावला आणि रेघ चढली. हिरवीइतकी नाही, पण अर्ध्याहून जास्त. द्रावणातला रंगच प्रकाश पडला की थोडी वीज देत होता. वहीत मी हे लिहिलं. लोकांना सांगायचं मात्र नाही, असं ठरवलं, कारण पत्रकं छापून झाली होती: 'पालकाची वीज! स्वतः या, स्वतः पाहा!'

बाजारात टेबलाभोवती गर्दी झाली. रेघ चढली तसा एकजण मित्राला म्हणाला, "बे, आता जुडी आन अन् मोबाईल लाव चार्जिंगला!" सगळे हसले. तेवढ्यात शेळ्या विकायला आलेल्या एक मावशी पुढे झाल्या.

"पोरी, पाला काढून लाव की दिवा."

"कशाला, मावशी?"

"दूध न घालताबी चहा गरमच असतो. मंग गरमी दुधाची हाय, असं कसं म्हनावं?"

नेमका तोच प्रश्न. कोरी माझ्या पिशवीतच होती. मी म्हणाले, "मावशी, हे शेळ्या राखण्याइतकं सोपं नाही. कळत नसेल तर निदान ऐकून घ्या."

आता लोक त्यांना हसले. त्याही कसनुशा हसल्या, शेळीचं दावं मनगटाला गुंडाळलं आणि निघून गेल्या. परतीच्या एसटीत उरलेली पत्रकं मांडीवर होती. वडिलांची ती शेवटची ओळ, 'पुरावा मागा', त्यांवरही मीच छापायला लावली होती. मी गठ्ठा उलटा ठेवला.

पुढच्या बाजाराला मी टेबल थेट शेळ्यांच्या बाजारात मांडलं. मावशी भेटल्या.

"तुमचं बरोबर होतं," मी म्हणाले. "आणि मला ते आधीच माहीत होतं."

"म्हाईत हुतं?" त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मंग लोकात माझं हसं कावून केलंस?"

मी कोरी बुडवली, दिवा लावला. रेघ चढली. मग हिरवी बुडवली. रेघ आणखी थोडी वर गेली. मावशींनी पडद्यावर दोन्ही रेघांच्या मधल्या फटीवर बोट ठेवलं.

"पाल्याचं एवढंच?"

"एवढंच."

"मंग तेवढंच सांगायचं. तेबी लई हाय की."

त्यांनी पलीकडच्या माणसाला हाक मारली, "ए, त्या दिशी हसलतास न्हवं? ये, बघ आता!"

तो आला. त्याच्या मागून आणखी दोघं आले. मी दिवा विझवला, हिरवी बाजूला ठेवली आणि पुन्हा कोरीपासून सुरुवात केली.