दीडशे घोड्यांचा क्लच

चिंचवडच्या हमरस्त्यावर एका चिंचेखाली ट्रक दुरुस्त करणारा मीरासाहेब मुलाणी स्वतःला क्लचमधला उस्ताद समजायचा. समजायला काय लागतं, असं पुढे तोच हसत सांगायचा. पण चौऱ्याहत्तर साली हसण्याची त्याची तयारी नव्हती. ट्रकवाले त्याच्याकडून क्लच बसवून घेत, पेडल दाबून बघत आणि म्हणत, "काय कडक बसवलाय राव!" कडक म्हणजे चांगला, हे वीस वर्षांत बेट्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

त्या साली रस्ता रुंद व्हायचं ठरलं. चिंच जाणार, म्हणजे तिच्याखालचं गॅरेजही जाणार. रस्त्याला लागून एकच मोकळा तुकडा उरला होता, तो वाकडच्या नानासाहेबांचा. नानासाहेब म्हणजे तरुणपणी आखाडे गाजवलेले पैलवान, आता खडीचे ठेकेदार. कुठल्या तोंडानं जागा मागावी, या विचारात मीरासाहेब असताना नानासाहेबच चिंचेखाली आले, आणि तेही लाल विलायती गाडीतून. दोनच माणसांची, टप उघडा. मुंबईच्या कुणा शौकिनानं तिच्यात दुप्पट मोठं इंजिन टाकलं होतं.

"अँबॅसिडरमधी पन्नास घोडे असत्यात," नानासाहेब म्हणाले. "हिच्यात दीडशे हायेत. पर वेग द्यायला गेलं की इंजिन नुसतं बोंबलतंय आन् गाडी ढिम्म. क्लच घसरतोय. दीडशेच्या दीडशे घोडे चाकाला लावून दाव, रस्त्याकडचा तुकडा तुझ्या गॅरेजला देतो."

मीरासाहेबानं लगोलग क्लच उतरवला आणि त्याची प्लेट घेऊन तो पिंपरीला इम्तियाजकडे गेला. इम्तियाज लेथ चालवायचा, क्लचच्या प्लेटांना पकडीचं लायनिंग लावून द्यायचा, आणि बोलायचा कमी. त्यानं प्लेट उलटीपालटी करून पाहिली.

"चांगलं लायनिंग मारू, स्प्रिंगा जराशा कडक घेऊ. बास. इंजिनाला लागते तेवढीच पकड घ्यायची, मीराभाई. जास्तीची पकड ड्रायव्हरच्या पायावर येते."

"दीडशे घोडे हायेत! ट्रकच्या स्प्रिंगा टाक."

"ही काय ट्रक हाय का?"

"तू लेथ फिरव, उस्तादी मी करतो."

इम्तियाजनं लेथ फिरवला. काय करणार बिचारा!

क्लच तपासायची मीरासाहेबाची रीत ठरलेली होती. हँडब्रेक ओढायचा, टॉप गिअर टाकायचा आणि पेडल एकदम सोडायचं. इंजिन गचका खाऊन बंद पडलं तर क्लच पास. पण सोडायला आधी दाबावं लागतं, नाही का? तर नानासाहेब आणि दहा-बारा बघ्यांसमोर त्यानं पेडलवर पाय ठेवला आणि पेडल हलेचना. दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून, पाठ मागे रेटून त्यानं ते कसंबसं खाली नेलं. मांडी लटलटायला लागली. तोंडातून "या अल्ला" निघालं, ते त्यानं खोकल्यात दडवलं. मग पेडल सोडलं. इंजिन जागच्या जागी बंद! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"पायाला कसा हाय?" नानासाहेबांनी विचारलं.

"लोणी!" हा गडी म्हणाला.

नानासाहेब बसले. डावा पाय दाबताना त्यांचे कान लालबुंद झाले, पण एवढ्या लोकांत पैलवान कुरकुरतो होय! "व्हय, लोणीच की," ते म्हणाले आणि निघाले. थेरगावच्या वळणापर्यंत गाडी पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत गेली. दुसरा गिअर काही पडला नाही. मीरासाहेबानं ते नीट ऐकलं आणि पान्हे पुसायला घेतले.

दहा दिवस वाकडहून जागेबद्दल चकार शब्द नाही. अकराव्या दिवशी नानासाहेबांच्या मंडळी, छबूबाई, स्वतः चिंचेखाली येऊन उभ्या राहिल्या.

"मिस्त्री, तुमच्या लोण्यानं आमच्या मालकांचा गुडघा सुजलाय. कुस्तीत दुखावल्याला गुडघा त्यो. गाडी गोठ्यात उभी हाय. इचारलं की म्हणत्यात, गाडी झ्याक हाय, आज जायाचं मनात न्हाई. त्ये काय बोलायचे न्हाईत. तुमीच कायतरी निमित्त काढा आन् बदला."

लाजेनं मीरासाहेबाचा चेहरा उतरला. पण उस्तादच तो! सायकलवरून वाकडला जाता जाता त्यानं निमित्त घोकलं: बेरिंग सदोष निघालं, बदलावं लागेल. त्याचीही लाज राहील, नानासाहेबांचीही.

वाड्यापुढे नानासाहेब बाजेवर पाय पसरून बसले होते, गुडघ्यावर धोतर ओढलेलं. भोवती गावातली पाच-सहा माणसं. मीरासाहेबाला बघताच ते म्हणाले, "ह्यो बघा आमचा उस्ताद! तुकडा ह्यालाच देणार. असा क्लच उभ्या मुलखात कुणी बसवला नसंल!"

आता आली का पंचाईत! गप्प बसलं तर गॅरेज पदरात, बोललं तर चिंचेबरोबर धंदाही जाणार. पण धोतराखाली झाकलेल्या त्या गुडघ्याकडे बघून बेरिंगचं खोटं काही त्याच्या तोंडातून बाहेर पडेना.

"नानासाहेब, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझीच मांडी लटलटत हुती. ट्रकच्या स्प्रिंगा हायेत त्या. इम्तियाज नको म्हणत हुता. गाडीला लागत नव्हत्या त्या, माझ्या ऐटीला लागत हुत्या."

नानासाहेबांनी डोळे वटारले. आता चांगली शिवी हासडणार, म्हणून मीरासाहेबानं मान खाली घातली. तर नानासाहेबांनी हळूच गुडघ्यावरचं धोतर बाजूला केलं.

"बघा रं," ते सगळ्यांना म्हणाले. "दहा दिस मरतोय. मला वाटलं, क्लच बरोबर हाय, माझ्यातच दम ऱ्हायला न्हाई. म्हातारा झालो."



पुढच्या आठवड्यात इम्तियाजनं सांगितला होता तोच क्लच गाडीत बसला. इम्तियाज एका शब्दानं बोलला नाही, आणि मीरासाहेबाला तेच जास्त झोंबलं. सूज उतरल्यावर नानासाहेब आले. इंजिन बंद ठेवून त्यांनी पेडल दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. मग दारातून बाहेर वाकून मीरासाहेबाच्या कानाशी विचारलं, "खरं सांग. माझ्यासाठी हलका केलायस?"

"न्हाई. गाडीलाच एवढा लागतो. पेडलला किती जोर लागतो त्ये माझ्या पायानं न्हाई, वजनकाट्यानं बघितलंय."

"बस शेजारी."

दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. दीडशे घोडे काय असतात ते मीरासाहेबाला पाठीवर कळलं. त्यानं दोन्ही हातांनी टोपी धरली. रस्त्यालगतच्या त्या मोकळ्या तुकड्याशी येऊन नानासाहेब थांबले. इंजिन चालू, गिअर पडलेला, क्लच डाव्या पायाखाली दाबून धरलेला. पाय जरासुद्धा थरथरत नव्हता. ते तुकड्याकडे बघत म्हणाले, "शेडचे पत्रे कवा आणतोस?"