भाऊ येईपर्यंत मॅनिफोल्ड नाही

आमच्या ट्रकचा मॅनिफोल्ड तडकला तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. कापसाचा हंगाम तोंडावर, समुद्रपूरहून गाठी उचलायच्या, अन् गाडी सिंदी मेघेच्या गॅरेजात इंजिन उघडून उभी. पण खरं सांगतो, मला बरंच वाटलं. म्हटलं, चला, आता भाऊले यावंच लागते.

भाऊ म्हणजे माझा थोरला भाऊ. गाडी आम्ही दोघांनी मिळून घेतली, दोघांनी मिळून चालवली. मग वहिनी गेली अन् पोरानं त्याला पुण्याला नेलं. "दिवाळी झाली का येतो," असं बोलून गेला. कोणती दिवाळी ते बोलला नाही, अन् मीही शहाणा, विचारलं नाही.

मॅनिफोल्ड म्हणजे फिल्टरमधून आलेली हवा इंजिनाच्या एकेका सिलिंडरला वाटून देणारा जाड नळ. त्याला तडा गेला की धूळ आत शिरते अन् इंजिन खाऊन टाकते. आमच्या जुन्या मॉडेलचा मॅनिफोल्ड कंपनीनं बनवणं केव्हाच बंद केलं. आता दुसऱ्यांनी बनवलेले मिळतात, कोणी बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा देतो, कोणी ॲल्युमिनियमचा. मला निवडता येत नव्हता असं नाही हो. इतकी वर्षं काय झक मारली? पण भावाच्या राज्यात पार्ट निवडायची मुभा मला कधी नव्हतीच.

त्याची रीत ठरलेली. तो दुकानाच्या काउंटरच्या काचेवर नवा तुकडा पालथा ठेवायचा. जरा डुगडुगला की परत. मग एकेका भोकात बोट घालून, डोळे मिटून फिरवायचा. ओतकामाची वाळू आत चिकटून राहिली तर ती सरळ इंजिनात जाते, म्हणून. दुकानदार तोवर चहा सांगून मोकळा. अन् मी मधेच "हा चांगला दिसते" म्हटलं, की चार गिऱ्हाइकांसमोर माझा उद्धार. "अबे बह्याडा, दिसते म्हणजे? पोरगी पाह्यले आला काय?" तेव्हा अंगाचा तिळपापड व्हायचा. आता तेच ऐकायला जीव तरसतो.

मी फोन केला. "गुडघे दुखून राह्यले रे," म्हणाला, "पाहू." गॅरेजातला मेकॅनिक रोज विचारायचा, मी रोज थाप मारायचो, माल येऊन राह्यला म्हणून. शेवटी तो चिडला. "तुमची गाडी हलवा जी, नाईतर पार्ट आणा."

मग मला एक युक्ती सुचली. भावाला चुकीचा तुकडा पाहवत नाही. एकदा मी फोनवर नुसतं म्हटलं होतं, क्लचप्लेट घेऊन राह्यलो, तर हा साळ्याच्या लग्नातली पंगत सोडून उठला होता. "हात लावू नको, मी येतो!" म्हणत आला, कपाळावरच्या अक्षता तशाच. म्हटलं, तीच कळ दाबू.

दुकानात जाऊन मी मुद्दाम सगळ्यात भिकार मॅनिफोल्ड काढायला लावला, ॲल्युमिनियमचा. दुकानदार म्हणाला, "काकाजी, हा नका घेऊ, मीच परत करून राह्यलो." म्हटलं, तू गप बैस. अन् भावाला व्हिडिओ कॉल लावला.

स्वेटर घालून बसला होता. वाळला होता. मी मॅनिफोल्ड काचेवर ठेवून हलवला, टकटक वाजला. भोकात बोट फिरवून काढलं, वाळू लागलेलं बोट मोबाइलच्या तोंडाशी धरलं.

"भाऊ, हाच घेऊन राह्यलो. थोडी वाळू आहे, पण चालते ना?"

तो पाहत राहिला. आता फुटते, आता फुटते, म्हणून मी बोट तसंच धरून उभा. मनात म्हणत होतो, बोल रे, काहीही बोल, आईवरून बोल.

"जेवला काय तू?" त्यानं विचारलं.

"जेवलो. भाऊ, मॅनिफोल्ड..."

"गाडी तुही आहे आता, बाबू. तुले पटते तो घे."

तुही. म्हणजे माझी एकट्याची. आजवर ती आपली होती. भांडणातसुद्धा आपलीच. मी "हाव" म्हटलं अन् फोन ठेवला. दुकानदारानं काही न विचारता बिडाचा समोर ठेवला. मी तो काचेवर पालथा घातला, हलला नाही. बोट फिरवलं, आत साफ होता. घेतला.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं, भाऊ आता येत नाही.

ती भाकर टाकता टाकता थांबली. "तसं बोलले काय ते?"

"नाई," म्हटलं, "शिवी नाई देल्ली."