बोरीच्या मुळाचा पाईप

आमचे वडील दौंडला रेल्वेत सुतार. दिवसभर डब्यांची बाकं आणि दारं दुरुस्त करायची, आणि घरी आलं की पाईप कोरत बसायचं. तंबाखू ओढायचा पाईप हो! गंमत म्हणजे त्यांनी स्वतः जन्मात तंबाखू तोंडाला लावली नाही. आम्ही मिशनातली माणसं, चर्चमध्ये तशी शपथच घेतलेली.

आमच्या मागच्या रांगेतल्या क्वार्टरात एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर राहायचे, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. रिटायर होऊन ते लेकीकडे कायमचे निघाले होते. जाताना वडिलांच्या हातचा पाईप न्यायचा, अशी त्यांची फार इच्छा. वडिलांनी शब्द दिला आणि तिथंच अडकले. पहिला केला शिसवीचा. दिसायला काय देखणा! पण तापला की धूर कडूझार. दुसरा बाभळीचा, तो तर साहेबांच्या हातातच उभा तडकला. तिकडं त्यांचं सामान बांधून होत आलं, इकडं वडिलांना जेवण गोड लागेना.

आई म्हणाली, "आमच्या वडगाव रासाईला भीमेच्या काठाला बोरीची मुळं उघडी पडल्यात. वाळून दगड झाल्यात, कुऱ्हाड उसळती."

वडिलांनी गाठीगाठीचं एक मूळ आणलं. त्याच्या रेषा अशा एकमेकींत गुंतलेल्या, की उभी चीर जायला वाटच नाही. वाटी कोरली, गिरमिटानं धुराचं भोक पाडलं, म्हशीचं शिंग तापवून दांडी वाकवली. साहेबांना वर इंजिन कोरून हवं होतं. "नक्षी केली की भिंत पातळ होती, साहेब," म्हणून वडिलांनी नुसतं मेण चोळलं. मुळाच्या रेषा अशा काही उठल्या, की बघत राहावं.

आता पुन्हा साहेबांच्या हातात तडकायला नको; पण आधी पेटवून बघायचा कुणी? घरात माझी आत्या होती, वडिलांची थोरली बहीण. दोन्ही वेळा मिश्री लावायची, आणि मिश्री म्हणजे दाताचं औषध, असं चर्चच्या पाळकसाहेबांनाही ऐकवायची.

"आण हिकडं," आत्या म्हणाली. वडिलांनी काठोकाठ भरलेली तंबाखू तिनं निम्म्याच्या वर काढून टाकली. "नव्या चुलीला पयल्याच दिवशी भडका करत्यात व्हय रे? बाभळीचा तसाच फोडलात तुम्ही दोघांनी!"

"आक्का, तुला काय कळतंय पाईपातलं?"

"आन् तुला रं? तू तर शपथवाला!"

मग रोज संध्याकाळी मागच्या पेरूखाली बसून आत्या चिमूट-चिमूट तंबाखू ओढायची. वाटी आतून हळूहळू काळी, टणक झाली. आत्यालाही गोडी लागली. आई आतून विचारायची, "वन्सं, सुटली का तुमची गाडी?"

निघायच्या दिवशी साहेब आले. त्यांनी पाईप गच्च भरला, पेटवला. वडिलांची नजर वाटीवरून हलेना. साहेबांनी लांब झुरका घेतला. कुठं कडूपणा नाही, कुठं तडा नाही. ते थांबले, वाटीच्या काळ्या कडेकडं बघितलं. "मिस्त्री, ये तो किसी का पिया हुआ है!"

वडिलांना खोटं बोलता येईना. मान खाली घालून म्हणाले, "हमारी बहन ने, साब."

साहेब उठले, टोपी काढली आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं वाकून म्हणाले, "थँक यू, मॅडम!" दाराआड आत्यानं पदर तोंडात कोंबलेला.

साहेबांची गाडी सुटल्याची शिट्टी आली, तशी ती बाहेर आली. "माणूस लई गोड," म्हणाली, "पन पाईप घेऊन गेला की रं!"

 वडिलांनी कॉटखालून उरलेलं मूळ ओढलं आणि गिरमिट शोधायला लागले.