देवाचं घोंगडं आणि थिजलेलं डिझेल

खरं सांगायचं तर बद्रीनाथला जायला माझं मन तयारच नव्हतं. देव सगळीकडे आहे असं लहानपणापासून ऐकलेलं, आणि आम्ही तर पंचवटीत राहतो. इथे दूध आणायला निघालं तरी वाटेत दोन-चार देवांना नमस्कार घडतो. मग एवढा हिमालय तुडवून, तोही ऐन थंडीच्या तोंडावर, देवळाचे दरवाजे बंद होताना बघायला कशाला जायचं? दरवाजे उघडताना गेलो तर एक वेळ समजू शकते. पण सासूबाईंनी हट्टच धरला होता, आणि त्यांचा हट्ट मोडणं आमच्या घरात आजवर कोणाला जमलेलं नाही.

त्या हट्टामागे एक घोंगडं होतं. बद्रीनाथचं देऊळ हिवाळ्यात सहा महिने बंद असतं. बंद करण्याच्या दिवशी जवळच्याच माणा गावच्या बायकांनी विणलेलं लोकरीचं कांबळं तुपात माखून देवाला गुंडाळतात, हे सासूबाईंनी कुठल्याशा कीर्तनात ऐकलं. त्यांचं माहेर सिन्नरकडचं, घोंगड्यांची ऊब त्यांना लहानपणापासूनची ठाऊक. "देवाला बी थंडी वाजती म्हन्जे! मंग आपल्याकडचं घोंगडं नगं का न्यायला?" असं म्हणून त्यांनी ओळखीच्या विणकराकडून काळंभोर, जाड घोंगडं करवून घेतलं. ते देवाच्या अंगावर घालणार नाहीत, तिथली रीत वेगळी आहे, हे मी परोपरीनं सांगितलं. त्यावर त्या म्हणाल्या, "अंगावर नाय तर पायाशी ठिवतील. दार लागायच्या आत पोचलं म्हन्जे झालं." त्यांचे गुडघे साथ देत नव्हते, धाप लागत होती. पुढच्या वर्षी जमेल असं डॉक्टरही म्हणत नव्हते.

ह्यांना रजा मिळेना, म्हणून गाडी काढली ती माझ्या धाकट्या दिरांनी. भाऊजींचा धंदाच प्रवासी गाड्यांचा. माणूस सोन्यासारखा, पण डिझेलच्या बाबतीत भारी सोवळा. परक्या पंपावरचं डिझेल म्हणजे भेसळ, अशी त्यांची ठाम समजूत. मैदानी मुलखात नाइलाजानं भरलं, पण नाशिकहून आपल्या रोजच्या पंपाचे दोन मोठे कॅन भरून घेतले होते ते खास पहाडासाठी. "वहिनी, चढाला गाडीला घरचंच पाहिजे. बाहेरचं बाधतं," ते म्हणत. जोशीमठला टाकी रिकामी होत आली होती आणि पंप समोरच होता. भाऊजींनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे जाऊन थांबले आणि लेकराला घरचा डबा भरवावा तशा प्रेमानं दोन्ही कॅन टाकीत रिकामे केले.

दरवाजे दुसऱ्या दिवशी दुपारी बंद होणार होते. वर बद्रीनाथला जागा मिळाली नाही म्हणून आम्ही वाटेतल्या एका छोट्या गावात मुक्काम केला. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची साय होती. गाडी सुरू झाली, भाऊजींनी माझ्याकडे विजयी मुद्रेनं पाहिलं, आणि गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर गाडी आचके देऊन बंद पडली.

भाऊजींनी किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमवली. बॉनेट उघडलं, पण बिघाड काही दिसेना. वर जाणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या. दोघा-तिघांनी थांबून हळहळ व्यक्त केली, एकानं टाकीखाली जाळ करायचा सल्ला दिला, पण तिघांना बसवून घेईल एवढी जागा कोणाकडेच नव्हती. ऊन समोरच्या डोंगरावर होतं, आमच्या वळणावर नुसती सावली. सासूबाई मांडीवर घोंगड्याची घडी घेऊन मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्या घडीवरून सारखा हात फिरवत होत्या, ते बघून मला जास्त वाईट वाटत होतं. मला देवाचा रागही आला. एवढ्या लांबून बोलावतोस आणि दाराशी आणून अडवतोस, ही कसली रीत, असं मी मनातल्या मनात त्याला चांगलंच सुनावलं.

वळणाच्या वरच्या अंगाला एक घर होतं. तिथून एक बाई उतरून आली. साधारण माझ्याच वयाची, गालांवर थंडीची लाली, हातात वाफाळती किटली. मला वाटलं चहा आणला, पण आत नुसतं उकळतं पाणी होतं. तिनं गाडीच्या नंबराच्या पाटीकडे पाहिलं आणि हसत विचारलं, "डीज़ल नीचे का है ना? जम गया होगा." तिच्या घरीही जीप होती, ती नवरा खाली घेऊन गेला होता. खालून येणाऱ्या गाड्या याच सावलीत दरवर्षी अडतात, म्हणाली. जोशीमठला थंडीतलं डिझेल मिळतं, ते गोठत नाही. ते अर्धी टाकी तरी भरून घ्यावं आणि गाडी सकाळचं ऊन लागेल अशा जागी लावावी, म्हणजे हा प्रसंगच येत नाही. भाऊजींनी रिकाम्या कॅनकडे पाहिलं. मला मात्र एकदम उमगलं. थंडीत आपलं खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसंच हे! डिझेल फिल्टरमध्ये थिजून बसलं होतं आणि पुढची वाटच बंद झाली होती. त्याला हवा होता शेक.

किटलीतलं पाणी फिल्टरवर ओतलं तर ते लगेच ओघळून गार होई. ऊब धरून ठेवायला काहीतरी जाड, लोकरीचं हवं होतं. बाईंच्या घरची सगळी कांबळी सामानाबरोबर आदल्याच दिवशी खालच्या गावी गेली होती, कारण हिवाळ्यात तेही वर राहत नाहीत. मी माझी शाल काढायला लागले, तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून घोंगडं बाहेर आलं.

"आई, अहो ते देवाचं आहे!" मी ओरडलेच.

"मंग? त्याच्याकडंच जायची गाडी हाय ना? घे!"

सासूबाईंनी क्षणभरही विचार केला नाही. माझेच हात जड झाले. पण बाईंनी ते घेऊन फिल्टरभोवती नीट गुंडाळलं, आणि आम्ही दोघी किटल्या भरभरून आणून वर ओतत राहिलो. नवऱ्याच्या जीपसाठी ठेवलेलं जोशीमठचं डिझेलही तिनं आमच्या टाकीत ओतलं. आम्ही या खटपटीत असतानाच डोंगराच्या खांद्यावरून ऊन खाली सरकत आलं आणि गाडीवर पसरलं. रोज त्याच वेळी येत असेल, मी त्याला चमत्कार म्हणत नाही. पण त्या वेळी माझ्या अंगावर काटा आला हेही खोटं नाही. भाऊजींनी घोंगडं सोडवलं, डोळे मिटून किल्ली फिरवली. गाडी दोनदा कण्हली आणि सुरू झाली. आम्ही चौघंही टाळ्या पिटत हसत सुटलो. सासूबाईंना त्या बाईंची भाषा धड येत नव्हती, तरी त्यांनी तिचं तोंड कुरवाळून कडाकडा बोटं मोडली आणि बरोबर आणलेल्या मनुक्यांची अख्खी पिशवी तिच्या ओटीत रिकामी केली.

घोंगडं ओलंचिंब झालं होतं आणि त्याला डिझेलचा वास सुटला होता. ते देवापुढे नेण्याजोगं राहिलं नव्हतं. बाई ते पिळून परत देऊ लागली, तर सासूबाईंनी तिच्याच हातात दाबलं. "तुझ्याकडं ऱ्हाऊ दे बाय. उद्या आनखी कुनाची गाडी अडंल."

आम्ही पोचलो तेव्हा दर्शनाची रांग अजून सुरू होती. फुलांनी मढवलेलं देऊळ, ढोल, लष्करी बँड, नाचणारी माणसं! भाऊजींनी आईला जवळजवळ उचलूनच आत नेलं. गाभाऱ्यासमोर सासूबाईंनी रिकामे हात जोडले आणि शेजारच्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "देवा, तुजं घोंगडं गाडीला घातलं. तिला लय थंडी वाजत व्हती." मला हसू फुटलं आणि त्याबरोबरच डोळे वाहू लागले. थोड्या वेळानं दरवाजे बंद झाले. गर्दीनं केलेला जयजयकार डोंगरांतून परत आला आणि मी, नको नको म्हणत आलेली, त्यात सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होते.

समर्पणावर मी पुष्कळ प्रवचनं ऐकली आहेत. पण देवासाठी जपलेली वस्तू वेळ येताच खिडकीतून सहज बाहेर देता येते, हे मला त्या वळणावरच दिसलं. मी अजून तिथवर पोचलेले नाही. घेणाऱ्याकडे बघून द्यायची माझी सवय जाता जात नाही. तरी ती सकाळ माझ्या वाट्याला आली यासाठी मी देवाचे आणि त्या बाईंचे रोज आभार मानते.

आम्ही त्या बाईंचा फोन नंबर घेऊन ठेवला होता. यंदा थंडी सुरू झाली आणि तिचाच फोन आला. गुजरातेतलं एक कुटुंब त्याच वळणावर अडकलं होतं, आजोबांना दर्शनाला घेऊन निघालेलं. घोंगड्याच्या शेकानं त्यांची गाडी सुटली आणि वेळेत वर पोचली. मी हे सासूबाईंना सांगितलं. आता त्या अंथरुणातून फारशा उठत नाहीत. पण उशीवरून मान उचलून त्यांनी मला पुन्हा सगळं सांगायला लावलं आणि तोंडभर हसल्या.

"म्हन्जे पोचलं गं देवाला," त्या म्हणाल्या.