पुढचा उजवा पाय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूइतका हताश माणूस अख्ख्या नांदेडात सापडायचा नाही, आणि एका बैलापायी इतका झुरलेला माणूस तर बैलांसाठी नावाजलेल्या देवणीतही नसेल. ते मूळचे देवणीचेच. माझ्या डोक्यावर त्यांचा अ‍ॅनिमेशनचा क्लास चालतो. क्लास कसला, चार कॉम्प्युटर, त्यातले दोन रुसलेले, आणि तेवढ्यावर सहा वर्षं चाललेलं एकच चित्र : शेतातून घराकडे चालत येणारा त्यांचा लहानपणीचा बैल. गावी आईच्या डोळ्यांत काचबिंदू. नजर पुरती जायच्या आत तिला तो एकदा दाखवायचा, एवढंच त्यांचं मागणं.

तीन वर्षांपूर्वी मीही त्या क्लासात नाव घातलं. मी म्हणजे कोण? ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा चप्पल बाहेर काढून आत जाणारी, आणि दसऱ्याला कीबोर्डात हळदकुंकू सांडून तो कायमचा बंद पाडणारी विदुषी. सरांनी मला मोशन ट्वीन शिकवलं. पहिल्या फ्रेमला बैल इकडे ठेवायचा, शंभराव्या फ्रेमला तिकडे, की मधल्या अठ्ठ्याण्णव जागा कॉम्प्युटर भरतो. मी बटण दाबलं, आणि माझा बैल चारही पाय ताठ ठेवून तेलावरून घसरल्यासारखा सुळकन गेला.

"मावशी, बैल हाय का कपाट?" सर कपाळाला हात लावून म्हणाले.

त्यांनी स्वतः मात्र पाय, मान, वशिंड, शेपूट सगळं सुटं करून प्रत्येकाला वेगळं ट्वीन दिलं होतं. शिवाय जिथे मन भरत नव्हतं तिथे मधल्या फ्रेमा हातानं बसवल्या होत्या. पावलं मोजायला ते बाजारात कुणाच्याही बैलामागे चालत. एकदा मालकानं वळून विचारलं, "घ्यायचा हाय का?" तर हे म्हणाले, "न्हाई, मला नुसता मागचा डावा पाय पाहिजे." त्या माणसानं बैल जो पळवला, तो वळणाशी जाऊनच थांबवला असेल. जेवायला ते खाली माझ्याकडे येत, तिथेही तेच. मी भाकरी वाढायला वाकले की म्हणत, "थांबा, पुन्हा वाका. हात शेवटी हळू झाला बघा." भाकरी गार, वरण गार, आणि मी वाकलेलीच.

एवढं शिकल्यावर माझ्यातली शहाणी गप्प कशी बसेल? एक दिवस त्यांचा बैल पाहून मी ऐटीत म्हटलं, "सर, हा लंगडून राहिला की! पुढच्या उजव्या पायाला खाली जातो. ट्वीन सारखं करा." त्यांनी चष्मा पुसून पाहिलं. "हाव, खरंच की," म्हणाले, आणि हातानं बसवलेल्या सगळ्या फ्रेमा पुसून चारही पावलं समान केली. फाइल त्याच नावानं सेव्ह केली, म्हणजे जुनी कायमची गेली. मग लॅपटॉप घेऊन गावी गेले.

आईनं पडद्याला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "लई देखणा हाय रे. पण ह्यो आपला न्हाई. आपला पुढच्या उजव्या पायानं लंगडायचा. इसरलास व्हय?"

ते विसरले होते. त्यांचा हात विसरला नव्हता.

परत येऊन ते तोच लंगडा पाय शोधत बसले. रोज नवं ट्वीन, रोज तीच मान हलवणी : "न्हाई मावशी, ह्यो लंगडत न्हाई, सोंग करून राहिला." क्लासची पोरं एकेक करून पुण्याला गेली. मी खाली बसून वरची खुर्ची सरकताना ऐकायची आणि तोंडात मारून घ्यायची.

यंदा पाय जमला. त्यांच्याबरोबर देवणीला मीही गेले. म्हातारीनं लॅपटॉपच्या भलत्याच बाजूला तोंड केलं, तेव्हा आम्ही दोघं काय समजायचं ते समजलो. सरांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग त्यांनी आईचा तळवा हातात घेतला आणि पडद्यावरच्या बैलाच्या पाठीबरोबर हवेत चालवला. वर, वर, जरा खाली. वर, वर, जरा खाली.

"हाव," म्हातारी म्हणाली. "आता आला."

परतीच्या एसटीत मी धीर करून म्हटलं, "सर, त्या वेळी मी तोंड उघडलं नसतं तर..."

त्यांनी लॅपटॉप मांडीवर नीट धरला. "तो लंगडतो, हे पहिल्यांदा तुम्हालाच दिसलं होतं, मावशी," म्हणाले, आणि रस्त्याकडेनं चाललेल्या एका बैलाकडे बघत राहिले. मीही खिडकीकडे वाकले आणि त्याचा पुढचा उजवा पाय बघू लागले.